डॅशबोर्डामागचा वैल: गाडीची हीटर कॉइल का गळते आणि बदलताना काय पाहायचं

पावसाळा लागला की गाडीवाल्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. वायपर खरडतो, मॅट ओली राहते, समोरची काच धुरकट होते. यातल्या शेवटच्या दोन तक्रारी एकदम आल्या आणि जोडीला गाडीत गोडसर वास यायला लागला, तर मात्र पावसाला दोष देऊन भागत नाही.

मला हे कळायला दोन महिने लागले. कराडहून चिपळूणला जाताना कुंभार्ली घाटात काच आतून धुरकट झाली. एसी लावला, खिडकी उघडली, शेवटी फडक्याने पुसली. धुकं जायचं राहिलं बाजूला, काचेवर तेलकट फराटे उमटले. भज्यांचा कागद काचेवरून फिरवावा तसे. डावीकडच्या सीटच्या पायाखालचं कारपेट ओलं होतं. बायको म्हणाली, ओली छत्री ठेवली असशील. वास यायचा तो साखरेचा पाक गरम होताना येतो तसला. आणि बॉनेटखालच्या कूलंटच्या बाटलीतली पातळी दर पंधरवड्याला बोटभर उतरायची, पण पार्किंगच्या फरशीवर एक थेंब दिसेल तर शपथ.

गॅरेजात मेकॅनिकने मॅट उचलली, कारपेट दाबलं, दोन बोटं एकमेकांवर चोळली आणि म्हणाला, "साहेब, हीटर कॉइल गेली."

"अरे, पण चार वर्षांत मी हीटर लावलेला नाही."

"तुम्ही नाही लावला. पाणी फिरतंयच की."

मॅन्युअलमध्ये या भागाला 'हीटर कोअर' म्हणतात, गॅरेजात 'हीटर कॉइल'. मी गॅरेजचाच शब्द वापरतो.

चुलीचा वैल

ज्यांनी गावाकडची मातीची चूल पाहिली आहे त्यांना ही यंत्रणा दोन मिनिटांत कळेल. मुख्य चुलीवर तव्यात भाकरी होते. जाळ तिथे काम करून उरतो, तो आतल्या भोकातून शेजारच्या वैलावर जातो आणि त्यावर आमटी नाहीतर दूध सावकाश गरम होतं. वैलासाठी वेगळं लाकूड कुणी लावत नाही.

पेट्रोल इंजिनाचंही असंच. जळलेल्या इंधनातली ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जा गाडी पळवायला लागते. तेवढीच सायलेन्सरमधून बाहेर पडते. उरलेली उष्णता इंजिनाच्या अंगात मुरते. ती वेळेवर काढली नाही तर धातू वितळायची वेळ येईल, म्हणून इंजिनाच्या आतल्या पोकळ्यांतून एक द्रव सतत फिरवला जातो. तो कूलंट. पंप त्याला ढकलतो, इंजिनातून तो तापून निघतो, पुढच्या जाळीतल्या रेडिएटरमध्ये वाऱ्याने थंड होतो आणि परत येतो.

याच रस्त्याला एक फाटा आहे. बॉनेट उघडलं की इंजिनामागच्या पत्र्याच्या भिंतीतून दोन रबरी पाइप केबिनमध्ये शिरताना दिसतात, साधारण अंगठ्याएवढे जाड. ते जिथे पोचतात तिथे एक छोटा रेडिएटर बसवलेला असतो. आकाराने शाळेच्या दोनशे पानी वहीएवढा, थोडा जाड. तोच आपला वैल, म्हणजे हीटर कॉइल. तिच्यातून गरम कूलंट जातो, तिच्या पापुद्र्यांतून ब्लोअरचा पंखा हवा ढकलतो, आणि ती हवा गरम होऊन तुमच्या पायांवर नाहीतर काचेवर येते.

आता मेकॅनिकच्या वाक्याकडे या. बहुतेक गाड्यांत या फाट्यातला प्रवाह कायम चालू असतो. हीटरची कळ फिरवून आपण कूलंट सुरू-बंद करत नाही. आत फक्त एक झडप सरकते आणि हवा कॉइलमधून जायची की तिला वळसा घालून, एवढंच ठरतं. काही गाड्यांत पाइपवर कॉकही असतो, पण तो असला तरी कॉइल कूलंटने भरलेलीच राहते. उलट इंजिन थंड असताना रेडिएटरकडचा रस्ता बंद असतो आणि हा फाटा चालू असतो. तो रस्ता उघडणारा दरवाजा म्हणजे थर्मोस्टॅट. साधारण ८२ ते ९० अंश सेल्सियसला तो उघडतो. म्हणजे सकाळी गाडी चालू केली की गरम कूलंट रेडिएटरच्या आधी हीटर कॉइलमध्ये पोचतो, मे महिन्यातसुद्धा.

आणि तो नुसता गरम नसतो, दाबाखाली असतो. रेडिएटरच्या किंवा कूलंट टाकीच्या झाकणावर बऱ्याचदा ०.९ किंवा १.१ असा आकडा कोरलेला असतो. तो दाब आहे, दर चौरस सेंटिमीटरला किलोमध्ये. घरचा कुकर शिट्टी देतो तेव्हा आतला दाब जवळपास एवढाच असतो. कारणही तेच, दाब वाढला की पाणी उशिरा उकळतं. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटरवर आहे. तिथे उघड्या पातेल्यात पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. इंजिन त्याच तापमानाच्या आसपास चालत असतं. झाकणाचं रबर गेलेली गाडी साताऱ्यात ठीक चालते आणि वर पोचता पोचता वाफा सोडते, ती यामुळे.

थोडक्यात, तुमच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर, प्लॅस्टिकच्या डॅशबोर्डामागे, कुकरच्या दाबाचा गरम कूलंट फिरतो आहे. कॉइलच्या चपट्या नळ्यांची आतली पोकळी एखाद-दोन मिलिमीटरची, आणि भिंत त्याहून पातळ.

"आपल्याकडे हीटर लागतो कुठे?"

हा पहिला आक्षेप, आणि तो चुकीचा म्हणता येत नाही. रत्नागिरीत किंवा मडगावात राहणाऱ्या माणसाला पाय शेकायला हीटर लागत नाही. जानेवारीत पहाटे निफाडहून निघणाऱ्याला लागतो. मिनेसोटात किंवा टोरांटोत राहणाऱ्या भाच्याला तर तो ब्रेकइतकाच लागतो. तिथे काचेवर आतून बर्फ धरतो.

पण हीटरची आपल्याकडची खरी नोकरी पावसाळ्यातली आहे, आणि ती बहुतेकांना माहीत नसते.

काच धुरकट होते कारण आतली हवा दमट आणि काच थंड असते. चार माणसांचा श्वास, ओले कपडे, ओल्या चपला. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो तसा काचेला आतून येतो. उपाय एकच, हवा कोरडी करा. ३० अंशांच्या पूर्ण दमट हवेत दर घनमीटरला सुमारे ३० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. ती हवा १० अंशांपर्यंत थंड केली तर तिच्यात जेमतेम साडेनऊ ग्रॅम मावतं. बाकीचं पाणी एसीच्या कॉइलवर गळून पडतं आणि नळीने गाडीखाली टपकतं. आता हीच थंड, कोरडी हवा परत ३० अंशांपर्यंत तापवली तर ती अशी तहानलेली होते की काचेवरचा ओलावा टिपकागदासारखा शोषून घेते.

गाडीत या दोन कॉइल एकाच खोक्यात असतात, पुढे एसीची, मागे हीटरची. म्हणून काच साफ करायची सगळ्यात झटपट रीत म्हणजे एसी चालू, तापमानाची कळ लालकडे थोडी सरकवलेली, हवा काचेवर, आणि आतलीच हवा फिरवायचं बटण बंद. बरेच जण फक्त एसी कमाल थंडीवर लावतात. मग काच इतकी गार होते की धुकं बाहेरच्या बाजूने धरतं, आणि माणूस बुचकळ्यात पडतो की आता हे कुठून आलं.

दुसरी नोकरी आणीबाणीची. सलग सुट्ट्यांत बोरघाटात रांग लागते, गाड्या इंच इंच सरकतात, आणि कडेला बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या गाड्यांची दुसरी रांग लागते. तापमानाचा काटा चढायला लागला तर एसी बंद करा, खिडक्या उघडा, हीटर आणि ब्लोअर कमाल करा. घाम निथळेल, पण इंजिनाला दुसरा रेडिएटर मिळतो. मग जागा मिळाली की गाडी बाजूला घेऊन बंद करा. झाकण मात्र गरम असताना उघडू नका. गॅसवरचा कुकर कुणी उघडत नाही, तसंच हे. आणि काटा चढतोय पण हीटरमधून थंड हवा येतेय, असं झालं तर कूलंट जवळजवळ संपलेला आहे, तेव्हा गाडी तिथेच थांबवा.

कल्हई उडाली की कळकणारच

कूलंट म्हणजे रंगीत पाणी, असा आपला समज. त्यात तीन गोष्टी असतात: पाणी, एथिलीन ग्लायकॉल नावाचं रसायन, आणि धातूला गंजापासून वाचवणारे थोडेसे क्षार व आम्लं.

ग्लायकॉल दोन कामं करतं. पाणी उशिरा उकळतं आणि उशिरा गोठतं. निम्मं निम्मं मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपासपर्यंत टिकतं. टोरांटोच्या भाच्याला हे कामाचं, आपल्याला फारसं नाही. आपल्याला महत्त्वाचा आहे तो तिसरा घटक.

पितळेच्या भांड्याला आजी कल्हई का लावून घ्यायची? आत पातळ थर बसला की आंबट आमटी धातूला लागत नाही. कल्हई उडाली की ताक कळकतं. कूलंटमधली गंजरोधक द्रव्यं इंजिनाच्या आतून अशीच कल्हई करत असतात. फरक एवढाच की ही कल्हई कूलंटमधून रोज थोडी लागते आणि रोज थोडी खर्च होते. जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये ती साधारण दोन वर्षांत संपते, नव्या सेंद्रिय आम्लांच्या प्रकारात पाच वर्षांच्या आसपास टिकते. पातळी 'मॅक्स'वर असते, रंग छान हिरवा दिसतो, आणि आत धातू उघडा पडलेला असतो.

हा धातू आता बहुतेक गाड्यांत ॲल्युमिनियम आहे. इंजिनाचा काही भाग वेगळ्या धातूचा, कॉइल ॲल्युमिनियमची, मध्ये पाणी. कल्हई गेली की ही सगळी व्यवस्था एका मोठ्या कमजोर बॅटरीसारखी वागायला लागते, आणि सगळ्यात पातळ भिंत आधी खाल्ली जाते. सगळ्यात पातळ भिंती रेडिएटरच्या आणि हीटर कॉइलच्या. त्यातून कुणी फॉगलॅम्प किंवा ॲम्प्लिफायरची अर्थिंग भलतीकडे जोडली असेल तर ही खाण्याची गती आणखी वाढते. मल्टिमीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल पिन, इंजिन थंड असताना झाकण उघडून, कूलंटमध्ये बुडवून पाहा. काटा ०.३ व्होल्टच्या वर गेला तर नवी कॉइल बसवण्याआधी वायरिंग बघायला हवं. हे तपासणारे मेकॅनिक कमी. कॉइल वर्षभरात दुसऱ्यांदा गेली की मग डोकं खाजवतात.

"आमच्या वडिलांनी आयुष्यभर साधं पाणीच टाकलं"

खरं आहे. फियाट-अँबॅसडरच्या काळात इंजिनाचा ब्लॉक बिडाचा होता, आजीच्या तव्यासारखा जाड. रेडिएटर तांब्या-पितळेचा. गळला तर चौकातला रेडिएटरवाला डाग देऊन परत करायचा. त्या गाड्यांनी पाणी पचवलं. आजची ब्रेझिंग केलेली, म्हणजे कारखान्यातच भट्टीत जोडलेली ॲल्युमिनियमची कॉइल पचवत नाही, आणि तिला रस्त्याकडेला डागही देता येत नाही.

त्यातून आपलं पाणी. लातूर-परभणीकडच्या बोअरचं पाणी ज्या गिझरमध्ये जातं त्याची कॉइल वर्षभराने काढून बघा, खडूचा लेप दिलेला असतो. तोच लेप एक मिलिमीटरच्या नळीत बसला तर पुढे काय जाणार? जड पाण्याशी कूलंटमधले फॉस्फेट क्षार मिसळले तर खरवड आणखी लवकर धरते. युरोपातल्या कंपन्या फॉस्फेट टाळतात ते तिकडच्या जड पाण्यामुळेच.

मग करायचं काय? तयार मिसळलेला कूलंट घ्या, किंवा कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं घेतलं तर त्यात बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर मिसळा. घाटात अडकलात आणि जवळ फक्त पिण्याच्या पाण्याची बाटली आहे, तर इंजिन निवू द्या आणि खुशाल टाका. इंजिन वाचवणं आधी. घरी आल्यावर मात्र सगळं काढून नवा कूलंट भरा. आपलं घोडं इथेच पेंड खातं. टाकलेलं पाणी तीन वर्षं तसंच राहतं.

रंगावर विश्वास ठेवू नका. हिरवा, लाल, निळा, गुलाबी ही कंपन्यांची आवड आहे, प्रमाणित खूण नव्हे. दोन वेगळ्या जातींचे कूलंट मिसळले तर कल्हई लवकर संपते, कधीकधी साबुदाण्याच्या खिरीसारखा घट्ट गाळही होतो. मॅन्युअलमध्ये लिहिलेला प्रकार घ्या, रंग कुठलाही असो.

गळतेय की तुंबलीय?

कॉइल दोनच तऱ्हांनी जाते, आणि दोन्हींची लक्षणं वेगळी.

गळती असेल तर सुरुवातीला सांगितलेला चौकडा दिसतो: गोड वास, तेलकट धुकं, ओलं कारपेट, घटती पातळी. पण ओल्या कारपेटवर लगेच निकाल देऊ नका. एसीचं पाणी बाहेर नेणारी नळी तुंबली की तेही पाणी तिथेच उतरतं, आणि ते काम फुंकर मारून किंवा तार घालून होतं. मेकॅनिकने बोटं चोळली ती यासाठीच. साधं पाणी बोटांवर सुटसुटीत लागतं. कूलंट बुळबुळीत लागतो, पांढऱ्या टिश्यूवर त्याचा रंग उतरतो. चाखून मात्र पाहू नका. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि मूत्रपिंडांना घातक आहे. कफ सिरपच्या बातम्यांत सापडलेलं डायएथिलीन ग्लायकॉल त्याचंच चुलत भावंड. कुत्र्या-मांजरांना तर थोडंसं चाटलेलंही पुरतं, तेव्हा काढलेला कूलंट अंगणात उघड्या टबात ठेवू नका आणि गटारात ओतू नका.

पक्कं करायचं असेल तर गॅरेजात प्रेशर टेस्ट करून घ्या. हातपंपाने थंड इंजिनात झाकणावर लिहिलेल्या आकड्याएवढा दाब भरायचा आणि पंधरा-वीस मिनिटं काट्याकडे बघायचं. काटा उतरतोय आणि इंजिनाच्या बाजूला कुठेही ओल नाही, तर आत बघा. सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल किंवा ऑइल दुधाळ झालं असेल तर ते हेड गॅस्केटचं, म्हणजे इंजिनाचा वरचा आणि खालचा भाग यांच्यामधल्या पातळ सीलचं दुखणं, आणि ते वेगळं नि महागडं.

तुंबलेल्या कॉइलचं लक्षण म्हणजे हीटर कोमट. यासाठी ते दोन रबरी पाइप कामाला येतात. इंजिन पुरतं तापू द्या, हीटर कमाल करा, मग गाडी बंद करून फडकं घेऊन दोन्ही पाइप चाचपा. पंखा आणि पट्ट्यापासून हात आणि बाही लांब ठेवा. गाडी बंद असली तरी काही गाड्यांत पंखा अचानक सुरू होतो.

दोन्ही पाइप कडक गरम असतील आणि तरी हवा गार येत असेल, तर कॉइल बरी आहे, आतली झडप अडकली आहे. हिची छोटी मोटर बिघडली की डॅशबोर्डामागे कुणी टिचक्या वाजवल्यासारखा आवाज येतो. एक पाइप चटका देतो आणि दुसरा कोमट, तर कॉइल तुंबलेली. दोन्ही कोमट, तर कूलंट कमी आहे, आत हवा अडकली आहे, पाइपवरचा कॉक बंद पडला आहे, किंवा थर्मोस्टॅट उघडाच राहिला आहे.

किंवा थर्मोस्टॅट नाहीच! हा आपला खास देशी उपाय. गाडी गरम होते अशी तक्रार नेली की कित्येक गॅरेजात थर्मोस्टॅट काढून फेकतात. "आपल्या हवेत लागत नाही." मग इंजिन तापायलाच वेळ लागतो, ते जास्त पेट्रोल पितं, ऑइल लवकर खराब होतं, हीटर कोमटच राहतो. चूल पेटत नसताना वैल काय तापणार! सेकंडहँड गाडी घेतली असेल तर एकदा हे तपासून घ्या.

हळद, पावडर आणि उलटं पाणी

ट्रकवाल्यांचा जुना इलाज: रेडिएटर गळतोय, मूठभर हळद टाका. आणि हे चालतं बरं का. हळदीचा लगदा भोकात जाऊन बसतो, मुक्कामापर्यंत गाडी जाते. बाजारात मिळणारी लीक बंद करायची पावडर किंवा द्रावण याच घराण्यातलं. अडचण अशी की हळदीला गळकं भोक आणि चांगली नळी यातला फरक कळत नाही. रेडिएटरच्या नळ्या त्यातल्या त्यात मोठ्या आणि प्रवाह जोराचा. हीटर कॉइलमध्ये प्रवाह संथ, म्हणून सगळा गाळ तिथे येऊन बसतो. निर्जन रस्त्यावर हळद टाकायला माझी ना नाही. पण तो इलाज मानून विसरून गेलात तर पुढच्या वर्षी हीटरला मुकाल.

नुसती तुंबलेली, न गळणारी कॉइल धुऊन सुधारू शकते. इंजिन थंड असताना दोन्ही पाइप कॉइलपासून सोडवायचे, आणि ज्या तोंडातून कूलंट बाहेर येतो तिथून बागेच्या नळीने उलटं पाणी सोडायचं. आधी तपकिरी गढूळ येतं, मग पिवळट, मग स्वच्छ. मग बाजू बदलायची. घरच्या टाकीच्या पाण्याचा जोर पुरतो. कॉम्प्रेसरची हवा किंवा गाडी धुवायचा प्रेशर पंप लावलात तर तुंबलेल्या कॉइलची गळकी कॉइल होईल. संडास साफ करायचं ॲसिड तर मुळीच नको, ॲल्युमिनियम त्यात सुपारीसारखं कातरलं जातं. शेवटी डिस्टिल्ड वॉटरने खळबळून घ्या.

"बायपास करून टाकू का?"

हा प्रश्न मेकॅनिक विचारणारच. बायपास म्हणजे भिंतीतून आत जाणारे दोन पाइप काढून एकाच तुकड्याने एकमेकांना जोडायचे. कॉइल वगळली जाते, गळती थांबते, अर्ध्या तासाचं आणि शे-दोनशे रुपयांचं काम.

मला विचाराल तर काही आठवड्यांपुरता हा सभ्य मार्ग आहे, त्यात कमीपणा काही नाही. मुंबईतच फिरणारी, दहा-बारा वर्षं झालेली, पुढच्या वर्षी विकायची गाडी असेल तर कायमचाही चालेल. एसीने काच बऱ्यापैकी साफ होते. पण घाट नेहमीचा असेल किंवा गाडी घेऊन मनालीकडे जायचा बेत असेल, तर नाही. बायपासने पावसाळ्यातली गरम कोरडी हवा जाते आणि आणीबाणीतला दुसरा रेडिएटरही जातो.

एक खबरदारी. पाइप एकमेकांना जोडतात, बोळे मारून बंद करत नाहीत. काही इंजिनांत थर्मोस्टॅट बंद असताना कूलंट फिरायला हाच रस्ता असतो. तो बंद केला तर इंजिनाचा एखादा कोपरा तापत राहतो आणि काट्याला पत्ताही लागत नाही.

बदलायची म्हणजे अख्खा डॅशबोर्ड?

गाडीवर अवलंबून. काही गाड्यांत पायाकडचं आवरण काढलं, तीन-चार स्क्रू सोडले की कॉइल खोक्यातून कप्प्यासारखी बाजूला सरकते. काहींत स्टीअरिंग खाली सोडून अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. आणि काहींत दोन्ही कॉइलचं खोकं एकत्रच बाहेर येतं, तेव्हा एसीचा गॅस आधी मशीनने काढून घ्यावा लागतो. हवेत सोडून द्यायचा नसतो. म्हणून "हीटर कॉइलचे किती?" याचं उत्तर फोनवर मिळत नाही. माझ्या छोट्या हॅचबॅकला कॉइल चौदाशेची आणि मजुरी साडेपाच हजार लागली. मजुरी जास्त का, हे गॅरेजात दिवसभर बसल्यावर कळलं.

डॅशबोर्ड निघालेली गाडी बघवत नाही. वायरींचा गुंता, मध्ये आडवा लोखंडी दांडा, आणि सीटवर वर्तमानपत्राच्या पुड्यांत स्क्रू, प्रत्येक पुडीवर खुणेचं काहीतरी लिहिलेलं. मेकॅनिकचा पोऱ्या प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो काढत होता. हे दिसलं आणि माझा जीव भांड्यात पडला. फोटो काढत नसतील तर तुम्ही काढा. आत दोन नाणी, टोलच्या पावत्या आणि मुलाने हरवल्याचं ठामपणे नाकारलेला माझा पेनड्राइव्ह निघाला.

स्वतः करणाऱ्यांसाठी आणि उभं राहून करून घेणाऱ्यांसाठी, चुकतं कुठे ते सांगतो. पहिलं, एअरबॅग. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून निदान दहा मिनिटं थांबायचं, मगच पिवळ्या कनेक्टरना हात लावायचा. एअरबॅगच्या यंत्रणेत थोडी वीज साठून राहते. दुसरं, जुने रबरी पाइप. ते कॉइलच्या नळीला चिकटून बसतात. पान्हा घालून ओढले की भिंतीजवळची नळी वाकते. पाइप उभा कापून काढावा आणि नवा घालावा. एवढा खर्च केल्यावर दोनशे रुपयांचा पाइप आणि क्लिपा वाचवण्यात काय हशील? ओ-रिंगाही नव्याच. तिसरं, कॉइलभोवतीच्या स्पंजच्या पट्ट्या. त्या न लावता कॉइल बसवली की हवा तिच्या कडेने निसटते, आणि नवी कॉइल असूनही हीटर कोमट.

डॅशबोर्ड परत बसवायच्या आधी कूलंट भरून प्रेशर टेस्ट करायचा आग्रह धरा. मेकॅनिक कुरकुर करेल. करू दे. नाहीतर सगळं बसवल्यावर जोडातून थेंब आला की पुन्हा सगळं उतरवा.

डॅशबोर्ड उघडलाच आहे तर एसीची कॉइल बदलावी का, असंही विचारतील. ती गळत नसेल तर नको. धुऊन मात्र घ्या, चार-पाच वर्षांची धूळ आणि बुरशी तिच्यावर बसलेली असते. कारपेटही उचलून त्याखालचा फोम पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवा. नाहीतर कॉइल नवी, वास जुनाच.

शेवटची पायरी: हवा काढणे

नवा कूलंट भरला की आत हवेचे बुडबुडे अडकतात, आणि हीटर कॉइल बऱ्याचदा उंचावर असल्याने बुडबुडा तिथेच जाऊन बसतो. गाडीचं नाक चढाला लावून, हीटर कमालवर ठेवून, झाकण उघडं ठेवून थंड इंजिन चालू करतात. पातळी उतरेल तसा कूलंट भरत राहायचं. पुढचा पंखा एक-दोनदा सुरू होऊन बंद झाला, बुडबुडे थांबले आणि दोन्ही पाइप सारखे तापले की झालं. मग झाकण लावायचं. काही गाड्यांत हवा सोडायला वेगळा स्क्रू असतो, तिथे मॅन्युअल सांगेल तसं. डॅशबोर्डामागून ओढा वाहिल्यासारखा खळखळ आवाज येत असेल तर हवा अजून आत आहे.

पुढचे आठ-दहा दिवस सकाळी, इंजिन गार असताना, बाटलीच्या पातळीवर मार्करने रेघ मारा. पहिल्या दोन दिवसांत ती थोडी उतरेल, ती उरलेली हवा निघते म्हणून. भरा आणि नवी रेघ मारा. तिसऱ्या रेघेखालीही पातळी उतरली तर कूलंट पुन्हा ओतत बसू नका, गाडी त्याच मेकॅनिककडे न्या. मजुरीची पावती हातात ठेवा.